पेज, मोडशी आणि पोटातली मंडळी

"रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. टेन्शन घेऊ नका."

पुण्यात असताना दोन वर्षांत मी हे वाक्य तीन दवाखान्यांत ऐकलं. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, दुर्बीण घालून पाहिलं तेही नॉर्मल. फक्त मी तेवढा नॉर्मल नव्हतो. सोमवारी सकाळी हिंजवडीला जाणारी कॅब दारात आली की पोटात कळ यायची. सॉफ्टवेअरचं रिलीज रात्री असलं की दुपारपासून तीन-चार फेऱ्या. सिनेमाला गेलो तर कडेची खुर्ची, बसने निघालो तर रात्रीचं जेवण नाही. आणि चार दिवस सुट्टी काढून पेडण्याला घरी आलो की पोट एकदम शहाण्या मुलासारखं गप्प. आई म्हणायची, "तुका थंयचें उदक मानवना." मलाही ते पटायचं. पाण्यावर खापर फोडणं सोपं असतं.

मी इंजिनियर आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण एखादा बग दोन वर्षं सापडत नसेल तर माणूस त्याच्या मागे लागतोच. तसा मी पोटाच्या मागे लागलो. जे वाचलं आणि जे अनुभवलं त्यातलं थोडं आपल्या मंडळाच्या वाचकांसाठी लिहितो आहे, कारण आपल्यापैकी निदान आठ-दहा घरांत तरी असं एखादं 'नॉर्मल रिपोर्ट'वालं पोट असणार.

सुरुवात कशी झाली ते मला नक्की आठवतं. बाहेरचं काहीतरी खाल्लं, दोन दिवस जुलाब झाले. तिसऱ्या दिवशी ऑफिसला जायचं होतं म्हणून औषधाच्या दुकानात जाऊन अँटिबायोटिकची पट्टी मागून घेतली. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. बरं वाटल्यावर चार गोळ्या उरल्या, त्या पुढच्या वेळेला वापरल्या. वर्षभरात हा प्रकार चार-पाच वेळा केला. दोष माझाच. जुलाब गेले, पण पोट काही पूर्वपदावर आलं नाही.

याला 'संसर्गानंतरचा आयबीएस' म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आपण त्याला हळवं आतडं म्हणू. त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कॅनडातलं आहे. मे २००० मध्ये ओंटारिओ प्रांतातल्या वॉकर्टन या पाचेक हजार वस्तीच्या गावात पिण्याच्या पाण्यात जिवाणू शिरले. दोन हजारांहून जास्त माणसं आजारी पडली, सात दगावली. डॉक्टरांनी त्या गावाचा पाठपुरावा सोडला नाही. दोन वर्षांनी पाहिलं तर जे तेव्हा आजारी पडले नव्हते त्यांच्यात दहापैकी एकाला आयबीएस होता, जे आजारी पडले होते त्यांच्यात साधारण तिघांमागे एकाला. जंतू कधीच गेले होते, तपासण्या स्वच्छ होत्या, पण पोट दुखतच होतं. आठ वर्षांनी हे प्रमाण बरंच उतरलं होतं, हेही सांगायला हवं. ते वाचून मला फार धीर आला होता.

आणखी एक गोष्ट त्या गावात दिसली. ज्यांना आजारापूर्वीपासून चिंता किंवा नैराश्य होतं, त्यांना पोटाचा हा त्रास मागे लागण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे मन आणि पोट यांचा काहीतरी व्यवहार चालू असतो. आता हा शोध लावायला कॅनडाला कशाला जायला हवं? आपली भाषा हेच तर सांगत आली आहे. बातमी ऐकून पोटात धस्स होतं, परीक्षेआधी पोटात गोळा येतो, दुसऱ्याचं बरं झालेलं पाहून पोटशूळ उठतो, पोरासाठी आतडं तुटतं, अपमान पचत नाही, आणि बोलायचं ते पोटतिडकीनं बोलतो. चरकसंहितेच्या विमानस्थानातही असा उल्लेख आहे, की हितकर अन्न योग्य मात्रेत खाल्लं तरी चिंता, शोक, भय आणि क्रोध असेल तर ते पचत नाही. आमच्या पेडणे तालुक्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था झाली आहे. मोपाचा विमानतळ आणि ही संस्था, दोन्हींचं उद्घाटन एकाच दिवशी झालं, ११ डिसेंबर २०२२ला. लोकांच्या लक्षात विमानतळ तेवढा राहिला.

मग हा व्यवहार चालतो कसा? आपल्या अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या भिंतीत मज्जापेशींचं एक स्वतंत्र जाळं आहे. दहा कोटींच्या वर पेशी. मेंदूला न विचारता हे जाळं अन्न पुढे ढकलण्याचं काम करतं. न्यूयॉर्कचे मायकेल गेर्शॉन यांनी १९९८ साली पुस्तक लिहून याला 'दुसरा मेंदू' हे नाव लोकप्रिय केलं. पोटातला हा मेंदू आणि डोक्यातला मेंदू यांना जोडणारी मुख्य तार म्हणजे व्हेगस नावाची नस. मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते या तारेचं. मी समजत होतो की हुकूम वरून खाली येतात. प्रत्यक्षात त्या नसेतले सुमारे ८० टक्के धागे खालून वर बातम्या नेतात. आमच्या भाषेत सांगायचं तर पोट दिवसभर लॉग पाठवत असतं आणि मेंदू त्यातले बहुतेक न उघडताच टाकून देतो. हळव्या आतड्याच्या माणसाचा मेंदू मात्र साधी सूचनासुद्धा धोक्याचा इशारा म्हणून वाचायला लागतो.

आता या दोघांच्या मध्ये तिसरी मंडळी येतात, ती म्हणजे जिवाणू. आपल्या शरीरात त्यांची संख्या आपल्या स्वतःच्या पेशींच्या दहापट आहे असं पूर्वी सर्रास लिहिलं जायचं. २०१६ साली इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी नीट हिशेब मांडला तेव्हा निघाले सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी मानवी पेशी. म्हणजे जवळजवळ बरोबरी. आणि सगळ्यांचं मिळून वजन फक्त दोनशे ग्रॅमच्या आसपास! दीड-दोन किलो जिवाणूंच्या गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या तर सोडून द्या. पण ही दोनशे ग्रॅमची वस्ती फुकट राहत नाही. आपल्याला न पचलेला कोंडा, सालं, भाज्यांचे धागे ती आंबवते आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करते. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्या ब्युटिरेटवर जगतात. शिवाय शरीरातलं सुमारे ९० टक्के सिरोटोनिन आतड्यात बनतं, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की काही जिवाणू ते बनवण्याचा वेग वाढवतात. इथे एक खुलासा हवा. आतड्यातलं सिरोटोनिन थेट मेंदूत जात नाही, मधे एक पक्की वेस आहे. त्यामुळे 'दही खा, आनंदी व्हा' इतकं सरळ गणित नाही.

जिवाणूंचा मनाशी संबंध आहे हे ठळकपणे दाखवणारा प्रयोग जपानचा. २००४ साली क्यूशू विद्यापीठातले नोबुयुकी सुदो आणि सहकाऱ्यांनी पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले उंदीर घेतले आणि त्यांना थोडा वेळ अरुंद नळीत अडकवून ठेवलं. साध्या उंदरांपेक्षा यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कितीतरी जास्त उसळली. मग त्यांच्या पोटात बिफिडोबॅक्टेरियम जातीचा एक जिवाणू सोडला, तर ती उसळी बसली. पण वाढत्या वयात पोटात वस्ती झाली तरच फायदा, उशिरा केली तर फारसा उपयोग नाही. नंतर २०११ साली आयर्लंडमधल्या कॉर्कच्या जॉन क्रायन यांच्या गटाने उंदरांना लॅक्टोबॅसिलसचा एक प्रकार खाऊ घातला. उंदीर कमी घाबरट झाले. पण ज्यांची व्हेगस नस कापली होती त्यांच्यावर काहीच परिणाम झाला नाही. तार तोडली, निरोप थांबला. इतका स्वच्छ प्रयोग पाहून माझ्यातला इंजिनियर खूश झाला होता.

पण पुढची गोष्ट बाजारातल्या गोळ्यांच्या जाहिराती सांगत नाहीत. त्याच कॉर्कमध्ये, तोच जिवाणू, २०१७ साली २९ निरोगी पुरुषांना चार आठवडे दिला. ताण, चिंता, स्मरण कशातही फरक नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. बेल्जियममध्ये हजारावर लोकांची विष्ठा तपासून २०१९ साली एक अभ्यास आला, त्यात नैराश्य असलेल्यांच्या पोटात कोप्रोकोकस आणि डायलिस्टर हे दोन जिवाणू कमी आढळले. पण ते कमी झाले म्हणून माणूस खचला, की खचलेला माणूस नीट जेवत नाही म्हणून ते कमी झाले, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. मी स्वतः प्रोबायोटिक कॅप्सूलवर तीन महिने बरेच पैसे घातले. माझ्या पोटाला त्याची दखलही नव्हती. कुणाला लागू पडत असतील तर माझं म्हणणं नाही.

अँटिबायोटिकचं मात्र पुरेसं ठोस आहे. डेन्मार्कमध्ये १२ निरोगी पुरुषांना चार दिवस तीन कडक अँटिबायोटिक एकत्र दिली. दीड महिन्यात पोटातली बहुतेक वस्ती परतली, पण सहा महिन्यांनंतरही नऊ जाती बहुतेकांच्या पोटात परत आल्याच नव्हत्या. चार दिवसांचा हा हिशेब. मी वर्षभर पट्ट्या खात होतो. जिथे गरज आहे तिथे अँटिबायोटिक जीव वाचवतं, माझ्या वडिलांचा न्यूमोनिया त्यानेच बरा झाला. मी सांगतोय ते दुकानातून मागून घेतलेल्या गोळ्यांबद्दल.

२०२० साली ऑफिस घरून सुरू झालं आणि मी बाडबिस्तरा आवरून पेडण्याला आलो. आमच्याकडे सकाळी दहाच्या सुमाराला पेज असते. उकड्या तांदळाची, सोबत तोर किंवा सुक्या सुंगटांची किसमूर. पुण्यात मी ती विसरलो होतो. दहाच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी वाडगं तोंडाला लावायला लागलो.

पेजेचं कौतुक करताना मला गार्सिया द ऑर्ता आठवतो. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात पटकीचं वर्णन आहे, आणि इथले लोक त्या रोगाला काय म्हणतात तेही. आपली मोडशी! आजही आजी पोट बिघडलं की मोडशी म्हणते तीच. पुढे पोर्तुगिजांनी तिचं मोर्देशिम केलं, आणि फ्रेंचांनी त्यावर आपल्या भाषेतला 'कुत्र्याचं मरण' असा अर्थ बसवून टाकला. ऑर्ताने लिहिलं आहे की इथले वैद्य मोडशीच्या रोग्याला तांदळाचं शिजवलेलं पाणी, मिरी-जिरं घालून पाजतात, त्याला कांजी म्हणतात. चारशेहून जास्त वर्षांनंतर जुलाबावर तांदळाच्या पिठाचं मीठ-पाणी उपयोगी ठरतं हे डॉक्टरांनी तपासून मान्य केलं. म्हणून मी आजीशी वाद घालताना जरा जपून घालतो.

उकडा तांदूळ शिजवून गार झाला की त्यातल्या काही पिठाचं रूप बदलतं आणि ते लहान आतड्यात पचत नाही. ते तसंच मोठ्या आतड्यातल्या मंडळींच्या पंगतीत जातं. रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी खायची रीत ओडिशात पखाळ म्हणून मानाने टिकून आहे. भुवनेश्वरच्या एम्समध्ये त्या पखाळच्या पाण्याचा अभ्यास झाला, आणि त्यात वर सांगितलेल्या आम्लांच्याच कुळातली आम्लं सापडली. आमच्याकडे मात्र शिळा भात पाण्यात घालणं म्हणजे गरिबीची आठवण, म्हणून तो पाहुण्यांसमोर येत नाही. आणि अलीकडे घरोघरी पांढरा सुरय तांदूळ चढला आहे. डिचोलीच्या माझ्या मामीच्या सुनेला उकड्या भाताचा वासच आवडत नाही. तिला काय बोलणार, ती बेळगावची.

आंबवलेल्या पदार्थांचं आमचं खातं तसं मोठं आहे. पोळे, आंबोळी, नाचण्याची आंबील. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडची सान्नां, माडाची सूर घालून फुगवलेली. पोदेर पूर्वी पावाचं पीठही सुरेनेच आंबवायचे. रेंदेर कमी झाले, माडावर चढायला माणूस मिळत नाही, तेव्हा बेकरीत यीस्ट आलं. कोंड्यासकट मिळणारी पोय अजून टिकून आहे ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. माझ्या पणजीच्या वेळेला पाव घरात येत नसे, बाटण्याचं भय होतं. आज तिची पणतवंडं पोदेराच्या सायकलचा भोंपू ऐकून धावतात.

आणि तोर! शिमग्यानंतर कोवळे आंबे उतरवायचे, आगरवाड्याच्या मिठागरातल्या जाड्या मिठात थर लावून बरणीत भरायचे, वर धुतलेला दगड. महिन्याभरात आंबे चेपून सुरकुततात, ती चेपणी तोरां. मात्र तोर पोटाला औषध म्हणून खाऊ नये. इतक्या मिठात जिवाणूही फार तग धरत नाहीत, आणि रक्तदाबाचं काय ते वेगळंच. ते चवीसाठीच खावं.

या सगळ्याला थोडाफार आधारही आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२१ साली ३६ जणांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला. अर्ध्यांना भरपूर तंतुमय अन्न दिलं, अर्ध्यांना दही, केफिर, किमची असं आंबवलेलं. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या पोटात जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली सूज दाखवणारी अनेक द्रव्यं उतरली. तंतुमय गटात विविधता तेवढ्या काळात वाढली नाही. लहान प्रयोग आहे, आणि तिकडच्या पोटांवरचा. आपल्या पोटांवरही काम झालं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दोन एकत्र कुटुंबांतल्या तीन-तीन पिढ्यांच्या पोटातले जिवाणू तपासले. घर एक, चूल एक, तरी वयाप्रमाणे वस्ती बदललेली. पुढे भोपाळ आणि केरळच्या लोकांची तुलना झाली, त्यात धान्य-भाजीवर जगणाऱ्या भोपाळकरांत प्रेव्होटेला नावाचा जिवाणू भरलेला दिसला आणि मासे-मांस खाणाऱ्या केरळच्या लोकांत वेगळीच मंडळी. आमचं हुमण-शिताचं पोट बहुधा केरळाकडे झुकत असावं. श्रावणात मात्र भोपाळ.

पेजेनं मी बरा झालो असं लिहिलं तर वाचायला छान वाटेल, पण ते खोटं होईल. बरं वाटलं ते म्हापशाच्या एका डॉक्टरांमुळे. त्यांनी सगळे रिपोर्ट पाहिले, वजन उतरतंय का, विष्ठेतून रक्त जातं का, रात्री झोपेतून उठावं लागतं का हे विचारलं. यातलं काही असतं तर गोष्ट वेगळी असती, तपास पुढे न्यावा लागला असता. मग त्यांनी चिठ्ठीवर एक गोळी लिहिली. मी दुकानाबाहेर उभा राहून नाव गूगल केलं. नैराश्यावरची गोळी! मी तडक परत आत गेलो. म्हटलं, "डॉक्टर, मी वेडा नाही. मला खरंच दुखतं."

त्यांनी शांतपणे चिठ्ठी उलटी केली. वर एक वर्तुळ काढलं, खाली एक वेटोळं, मधे रेघ. वेटोळ्यात ठिपके ठिपके. म्हणाले, "दुखतं हे खरंच आहे. दुखणं या रेघेवर आहे. ही गोळी मोठ्या मात्रेत वर्तुळासाठी देतात. तुम्हाला देतोय ती एवढीशी, रेघेवरचा आवाज कमी करायला." बरोबर झोपेची वेळ, चालणं, आणि एका समुपदेशकाकडे सहा बैठका. इंग्लंडात पोटासाठी संमोहन वापरतात, १९८४ पासून त्याच्यावर संशोधन आहे, हेही त्यांनीच सांगितलं.

दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी मला सांगितलं होतं की रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि दुखतंही आहे, दोन्ही खरं आहे.

गोळी मी आठ महिने घेतली. आई ती पट्टी देवाच्या फोटोमागे ठेवायची, कुणी आलं-गेलं तर दिसू नये म्हणून. शुगरची पट्टी मात्र डायनिंग टेबलावर. मी काही बोललो नाही. पोट एका दिवसात सुधारलं नाही, पण एक दिवस म्हापशाहून पणजीला बसने जाऊन आलो आणि परत आल्यावर लक्षात आलं, की वाटेत संडास कुठे कुठे आहेत ते मी मोजलंच नाही.

गेल्या चतुर्थीला डिचोलीला मामाकडे गेलो होतो. मामेभाऊ स्पर्धा परीक्षेला बसतोय. माटोळी बांधताना तो मला बाजूला घेऊन गेला. सहा महिने पोट बिघडलंय, सगळं तपासलं, रिपोर्ट नॉर्मल, आता एका डॉक्टरांनी कसलीशी गोळी लिहिली आहे, नाव वाचून घाबरलोय. "दादा, म्हणजे माझं डोकं बिघडलंय का रे?"

मी त्याला जमिनीवर बसवलं. आमपत्रिकेचा एक जास्तीचा कागद पडला होता, तो उलटा केला. वर एक वर्तुळ काढलं, खाली वेटोळं. ठिपके काढत होतो एवढ्यात मामी परात घेऊन आली आणि आम्हा दोघांकडे पाहून म्हणाली, "चित्रां मागीर काडात. पेज निवता."